फेरडेची वजनं

पूल आणखी बोटभर खाली बसला की ओबडाया फेरडेच्या पदरात काय पडायचं, ते आधी मांडते. प्रत्येक रिकाम्या बोटीमागे बिअरचे निदान डझनभर ग्लास खपायचे. ते पिणारी माणसं एकदा आत शिरली की पहिल्या ग्लासावर थांबायची नाहीत, तो नफा वेगळा. बोटवाल्यांचे घोडे तोवर त्याच्या तबेल्यात उभे, म्हणजे चाऱ्याचं गिऱ्हाईक घरबसल्या. शिवाय भरल्या बोटी जाताना 'पुढच्या खेपेला लक्ष असू द्या' म्हणून त्याच्या दारात कोळशाची ढेकळं टाकून जायच्या, त्यामुळे फेरडेच्या गुत्त्यातली आग जून महिन्यातसुद्धा विझलेली मी पाहिली नाही. एवढं सगळं एका पुलाने गुडघे टेकल्यामुळे. जिने खस्ता काढून पोर वाढवलं त्या आईलासुद्धा इतका परतावा मिळत नाही.

आमचा विक्स्लीचा कालवा कोळशासाठीच खणला. माझ्या आज्याच्या आज्याच्या वेळी फावडी घेतलेली माणसं आली, त्यांनी शेतांमधून ही पाण्याची वाट काढली, आणि तेव्हापासून खाणीतला कोळसा बोटींत बसून बर्मिंगहॅमला जायला लागला. पुढे दूरदूरचा कोळसा संपत आला, तेव्हा खाणवाल्यांच्या लक्षात आलं की कालव्याच्या खालीही कोळसाच आहे. मग तो काढला आणि त्याच कालव्यावरून विकायला पाठवला. ज्याच्या खांद्यावर बसून बाजाराला जायचं, त्याच्याच पायाखालची माती विकायची, असा तो धंदा.

जमीन खचायला लागली. कालव्याचं पाणी मात्र खचत नाही. एका टोकाला झडप, दुसऱ्या टोकाला झडप, मधलं पाणी आरशासारखं सपाट राहायलाच हवं, नाहीतर बोटी चालणार कशा? म्हणून कालवा कंपनी खाणीतली राखमाती आणून दोन्ही काठांवर चढवत राहिली. काठ चढत गेले, शेतं उतरत गेली. माझ्या लहानपणी कालवा रस्त्याच्या पातळीला होता. मी दुकानात बसायला लागले तोवर काठावरच्या घोडवाटेवरून, म्हणजे बोटी ओढणारे घोडे जिथून जात तिथून, चालणाऱ्या माणसाला खालच्या घरांच्या धुराड्यांत डोकावता येत होतं. आमच्याकडे घर खचलं तर कुणी रडत बसत नाही. दारापुढची एक पायरी कमी करतो आणि चहा टाकतो.

पण काठ चढवता येतो, विटांच्या कमानीचा पूल कोण चढवणार? पाणी होतं तिथेच राहिलं आणि पूल त्याच्याकडे वाकत गेला. कोळशाने भरलेली बोट पाण्यात खोल बसते. ती खालून आरामात जायची. रिकामी बोट वर तरंगते. खाणीकडे परत जाताना तिचं पुढचं टोक कमानीला थडकायचं.

मग फेरडेला युक्ती सुचली. पुलाला लागूनच त्याचा गुत्ता. पाटीवर बोकडाचं चित्र होतं, आणि ते फेरडेच्या वडिलांचं आहे असं बोटवाले म्हणत. रिकामी बोट आली की फेरडे आपली जाडजूड गिऱ्हाइकं बाहेर काढायचा आणि बोटीच्या पुढच्या टोकावर बसवायचा. टोक दबायचं, कमानीखाली शिरायचं. मग आतल्या अंधारात वाकून, एकामागून एक, सगळे मागच्या बाजूला सरकायचे, म्हणजे केबिनचं छप्पर दबून तेही पार व्हायचं. आमच्याकडे या लोकांना 'वजनं' म्हणत. बोटवाल्याने दर वजनामागे एक ग्लास पाजायचा, असा रिवाज पडला. कुणी विचारलं की दगड का नाही भरत, तर फेरडे म्हणायचा, "दगड आपल्या पायांनी चढतो का? आपल्या पायांनी उतरतो का? आणि दगडाला तहान लागते का?"

या रिवाजाचा सगळ्यांत जास्त राग केझाया यार्नलला. ती नवऱ्यामागे स्वतः बोट चालवायची. सुकाणूच्या दांड्याशी उभी राहिली की गलबताच्या कप्तानाने सलाम करावा अशी बाई. खाणीवर बोटी भरायला रांग लागायची. जो आधी पोचेल त्याचा नंबर आधी. पुलाशी वजनांची वाट बघण्यात तिचा नंबर हटकून जायचा.

"फेरडे! ए फेरडे! तुझी रत्नं बाहेर काढ," ती धक्क्यावरूनच ओरडायची.

"येतायत, येतायत. हॉजकिसचा ग्लास संपू दे."

"हॉजकिसचा ग्लास माझ्या लग्नापासून संपतोय."

मोठा हॉजकिस हे फेरडेचं सर्वोत्तम वजन. एके काळी खाणीत यंत्रावर होता, आता फक्त बसायचा. पण बसण्यात त्याची बरोबरी करणारा माणूस सबंध स्टॅफर्डशरमध्ये नव्हता. तो दारातून तिरका बाहेर यायचा आणि बोटीकडे मानकऱ्यासारखा चालायचा.

"मालक, ही बोट मागच्या वेळेपेक्षा अरुंद वाटते," तो म्हणायचा.

"बोट तेवढीच आहे, हॉजकिस," केझाया म्हणायची. "तुझ्या बायकोला सांग, पुडिंगचं भांडं बदल."

कालव्याच्या दुसऱ्या काठावर माझं किराण्याचं दुकान. पूल ओलांडला की माझं दार. थांबलेल्या बोटींना पाव लागायचा, डुकराच्या चरबीची वाटी लागायची, चहा लागायचा. तेव्हा फेरडेच्या भरभराटीचे चार शिंतोडे माझ्याही पदरावर उडत होते.

दर वसंतात कालवा कंपनीचे अ‍ॅव्हरिल साहेब सायकलवरून यायचे. पुलाच्या विटेवर खडूसारखी पांढरी रेघ होती, ती पाण्यापासून किती वर आहे ते मोजायचे, 'हं' म्हणायचे आणि जायचे. लोक विचारायचे, पूल कधी उचलणार? साहेबांचं उत्तर ठरलेलं: "जमीन हलायची थांबली की. जो पुन्हा बसणार आहे, त्याला उचलून काय उपयोग?"

त्या वर्षी साहेबांनी मोजलं, 'हं' न म्हणता पुन्हा मोजलं, आणि टोपी मागे सारली.

"हलला नाही," ते म्हणाले.

"कोण?" फेरडे दारातच होता.

"तुमचा पूल. आहे तिथेच आहे. पुढच्या वसंतात हीच रेघ इथेच सापडली की कंपनी काम काढेल. कमान पाडून नवी, उंच, लोखंडी तुळयांची. काय, आनंद झाला ना?"

केझायाची बोट तेव्हा भरलेली जात होती. तिने आपली टोपी काढून हवेत हलवली. "फेरडे, तुझ्या वजनांना आता शाळेत घाल!"

फेरडे हसला. दात दुखत असताना फोटो काढायला बसलेला माणूस हसतो तसा. त्या संध्याकाळी त्याने हॉजकिसला दोनदा विचारलं की पुलाशिवाय तू इथे पीत राहशील का, आणि हॉजकिसने खरं उत्तर दिलं: "कुणी पाजलं तर."

उरलेल्या गिऱ्हाइकांकडे फेरडेने नजर फिरवली. त्याला तेव्हा कळलं असावं की बरीच वर्षं त्याच्या गुत्त्यात स्वतःच्या पैशांनी प्यायलेलं कुणी नव्हतंच.

आता खाणीचे स्टोबर्ट. ते मुखत्यार होते. लांब कोट, मऊ आवाज, आणि कुणाच्याही घरी गेले की आधी मांजराची चौकशी. पूल आणि गुत्ता या दोघांच्या खाली मिळून कोळशाचा एक जाड खांब न काढता सोडलेला होता. फेरडेच्या बापाने जमीन घेतानाच कागदात लिहून ठेवलं होतं की माझ्या घराखालच्या कोळशाला माझ्या घराण्याच्या मर्जीवाचून हात लावायचा नाही. आजूबाजूचं सगळं काढून झालं होतं, ते बसायचं तेवढं बसलं होतं. म्हणून तर रेघ थांबली होती. स्टोबर्ट तीन-चार वर्षं तो खांब मागत होते आणि फेरडे त्यांना बिअर पाजून परत पाठवत होता.

त्या उन्हाळ्यात ते आले आणि मांजराची चौकशी करायच्या आत फेरडेच म्हणाला, "खांब काढला तर पूल हलेल?"

स्टोबर्ट जरा चपापले. लोक त्यांना उलटा प्रश्न विचारायचे. "थोडा हलेल, खोटं कशाला बोलू. पण तुमचं घरही—"

"घर कसं बसेल? वाकडं की सरळ?"

"खांब सबंध काढला तर सरळ. अगदी सभ्य माणसासारखं. एक-दोन पायऱ्या कमी कराव्या लागतील."

फेरडेची बायको ड्रुसिला पलीकडे ग्लास पुसत होती. ती बारीक, शांत बाई. गुत्त्यात सगळे बोलायचे म्हणून ती ऐकायची.

"घराखालचं विकायचं," ती म्हणाली, "आणि ते कशासाठी, तर घराबाहेरचा पूल बसावा म्हणून?"

"तू बघ तर. पूल हलत राहिला तर साहेब त्याला हात लावणार नाही. आणि वर कोळशाचे पैसे. दोन्ही बाजूंनी आपलंच!"

"आणि आपण खाली गेलो तर?"

"पूल जाईल तेवढंच आपण जाऊ. दोघं बरोबर जाणार, मग बिघडलं कुठे? मिसेस टॅन्डीच्या मोरीची पायरी गेली, ती मेली का?"

मी तेव्हा गिऱ्हाईक म्हणून हजर होते, आणि मेले नव्हते हे खरं.

ड्रुसिलाने ग्लास उजेडात धरून पाहिला. "तुझं घर, तुझ्या बापाचा कागद," एवढंच ती म्हणाली आणि दुसरा ग्लास घेतला.

फेरडेने सही केली. खालच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं की यापुढे जमिनीमुळे काही नुकसान झालं तर खाणीकडे मागणी करणार नाही. तीही ओळ त्याने वाचली. ज्याला पडायचंच आहे, त्याला पडण्याबद्दल तक्रार कशी असेल?

हिवाळ्यात खांब निघाला. आणि मला कबूल करायला हवं की सगळं फेरडेच्या म्हणण्याप्रमाणे झालं. घर वाकडं झालं नाही, भिंतीला तडा नाही, बरणी पडली नाही. गुत्ता आणि पूल हातात हात घालून हळूहळू खाली गेले. फेरडेने एक पायरी काढली, मग दुसरी. वसंतात अ‍ॅव्हरिल साहेब आले, त्यांनी रेघ मोजली आणि जुन्या मित्राची वाईट बातमी ऐकावी तसं 'हं' म्हटलं. पूल उचलायचं बारगळलं. त्या दिवशी फेरडेने सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने एकेक ग्लास पाजला. ही गोष्ट विक्स्लीत अजून सांगतात, आणि नवीन माणसं विश्वास ठेवत नाहीत.

तो त्याचा सोन्याचा हंगाम. डझनभर वजनं पुरेनात. मग भाऊबंद आले, खाणीतली माणसं पाळी संपवून अंघोळीच्या आधी येऊ लागली, शेजारच्या गावचा खाटीक आला. फेरडे स्वतः टोकावर सगळ्यांच्या पुढे उताणा पडायचा, कारण पूल इतका खाली आला होता की बसून जाता येत नव्हतं, आणि हॉजकिसच्या खालोखाल भरदार तोच होता. तो पडल्या पडल्या हुकूम सोडायचा: "आता एकेक मागे! हॉजकिस शेवटी!"

मागच्या अंगणात पावसाचं पाणी साचून राहायला लागलं होतं. पूर्वी ते ओढ्यात उतरायचं आणि ओढा कुरणाकडे जायचा. आता ते नुसतं उभं राहायचं आणि आभाळ दाखवायचं. ड्रुसिलाने तळघरातली पिंपं विटांवर चढवली, पांघरुणं माडीवर नेली. नवऱ्याला काही म्हणाली नाही.

केझायाच म्हणाली एकदा. माझ्याकडून पाव घेत होती. फेरडे पुलावर उभा राहून आपल्या खचलेल्या वैभवाकडे बघत होता.

"फेरडे, एक विचारू? पूल खाली चाललाय. तूही खाली चाललायस."

"बरोबरीने चाललोय."

"ते दिसतंय. पण पाणी कुठे खचतं रे?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. चाळीस वर्षं पाण्यावर काढली, म्हणून विचारलं." आणि पाव काखेत मारून ती गेली. फेरडे मला म्हणाला, "बोटीवरच्या बायकांना उन्हाचा त्रास होतो." त्या दिवशी धुकं होतं.

मग तो दिवस आला. केझायाची रिकामी बोट दुपारी पुलाशी लागली, आणि खाणीत पाळी चालू असल्यामुळे वजनं कमी पडली. फेरडे चर्चच्या गायकवृंदाकडे गेला. आमचं चर्च दारू न पिणाऱ्यांचं. आजवर त्यातलं कुणी त्याच्या उंबऱ्यावर चढलं नव्हतं. फेरडेने त्यांना चहा आणि मनुकांचे पाव कबूल केले (पाव माझ्या दुकानचे) आणि बाजाच्या भात्यासाठी देणगी. बुधवारची तालीम सोडून सगळा वृंद हॉजकिसच्या जोडीला बोटीवर आला. भारदस्त बायका, त्याहून भारदस्त खर्जातले पुरुष. मी माझ्या दारातून पाहिलं, बोटीचं नाक अदबीने पाण्यात झुकलं.

"झोपा सगळे!" फेरडे म्हणाला. "मिस ग्रिगरी, टोपी काढा. ही काय पिसं लावायची वेळ आहे?"

"ही टोपी मी देवापुढेसुद्धा काढत नाही, मिस्टर फेरडे."

"देवाच्या घराचं छत उंच असतं!"

केझायाने घोड्याला चुचकारलं, दोर ताणला गेला, बोट कमानीखाली शिरली. आतून फेरडेचा आवाज घुमला: "आता मागे!"

नेहमीची वजनं एकेक करून सरकायची. ही गोष्ट त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की ती कुणाला शिकवावी लागते, हे फेरडेच्या ध्यानातच आलं नाही. गायकवृंदाला आयुष्यभर एकच शिकवलेलं: उठायचं ते सगळ्यांनी एकदम. खूण झाली की सगळे एकदम उठले, म्हणजे जितकं उठता येत होतं तितकं, आणि एकदम मागे गेले.

बोटीचं नाक एकदम वर आलं. टोकावर उरला होता फक्त फेरडे. त्याच्या पोटाला कमान भेटली.

"थांबा!" तो म्हणाला, आणि त्यानंतर त्याला फारसं बोलता येईना. खाली बोटीची फळी, वर विटा, मध्ये ओबडाया फेरडे, बाटलीतल्या बुचासारखा. दुखत नव्हतं असं तो पुढे सांगायचा. फक्त कुठल्याच दिशेला जाता येत नव्हतं.

"सगळे पुन्हा पुढे या की!" केझाया ओरडली.

"कुठून येणार?" आतून हॉजकिस म्हणाला. "वाट अडलीय."

"कशाने?"

"मालकानेच."

घोड्याने ओढलं, बोट हलेना. मागे ढकललं, हलेना. गायकवृंद मागच्या बाजूने रांगत, धुळीने माखून बाहेर आला आणि घोडवाटेवर उभा राहून हातरुमाल शोधायला लागला. थोड्याच वेळात मागे रिकाम्या बोटींची रांग आणि पुढे भरल्या बोटींची. विक्स्लीत कालव्यावर एवढी गर्दी राजाच्या राज्याभिषेकालाही नव्हती. ड्रुसिलाने पुढच्या बाजूने लांब काठीला बांधून नवऱ्याला चहाचा मग पोचवला. तो त्याच्या तोंडापर्यंत गेला, पण ओठ आणि वीट यांच्यात मगाला जागा नव्हती.

अ‍ॅव्हरिल साहेब सायकलवरून घामाघूम होऊन आले. त्यांनी वाकून पाहिलं.

"मिस्टर फेरडे, तुम्ही माझ्या पुलात अडकला आहात."

"मला... काढा."

"एकच मार्ग. दोन्हीकडच्या पुलांशी फळ्या टाकून पाणी अडवायचं आणि मधलं सोडून द्यायचं. पाणी उतरलं की बोट उतरेल, बोट उतरली की तुम्ही. सोडू?"

"सोडा!" फेरडे म्हणाला. हे सगळ्या गायकवृंदाने ऐकलं.

कालव्याच्या तळाला तिथे एक मोठी लाकडी गुडदी, म्हणजे बूच, होती. साहेबांच्या माणसाने, त्याचा बाप आणि आजा ओढायचे तशी, साखळी ओढली. त्यांच्या काळापासून ते पाणी ओढ्यात जायचं आणि ओढ्यातून कुरणात. कुरण सगळ्यांत सखल होतं.

पण आता सगळ्यांत सखल काय होतं, ते त्या माणसाने सांगायची गरज पडली नाही. पाण्यानेच शोधून काढलं. आधी अंगणात गेलं. मग तबेल्याच्या दारात. मग तळघराच्या पायऱ्या उतरताना त्याचा खळखळाट आम्हा सगळ्यांना ऐकू आला, आणि पुलाखालून फेरडेलाही.

"तो... कसला आवाज?"

ड्रुसिला म्हणाली, "तळघर."

अ‍ॅव्हरिल साहेबांनी हात वर केला. त्यांच्या माणसाने साखळी धरून ठेवली. "मिस्टर फेरडे, आता बंद केलं तर तळघरावर भागेल. पण तुम्ही आहात तिथेच राहाल, आणि रात्रीत पाणी परत भरलं तर... मला ते आवडणार नाही. तुम्हीच सांगा. बंद करू?"

मी आयुष्यात बरीच माणसं हिशेब करताना पाहिली, पण उताणं पडून, छातीवर पूल घेऊन हिशेब करणारा तो एकच. वर बोटवाले टोप्या काढून उभे होते. त्यांना वाटलं प्रार्थना चाललीय.

"ठरव लवकर, फेरडे," केझाया म्हणाली, पण नेहमीच्या आवाजात नाही. वाकून, हळू, आजारी माणसाशी बोलावं तशी. "पिंपं पुन्हा मिळतील."

"गुत्ता... मिळणार नाही," आतून आलं.

"नाही मिळणार," ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

मग तो म्हणाला, "ड्रुसिला बाहेर आहे ना?"

"इथेच आहे मी."

"मांजर?"

"माझ्या काखेत."

"मग सोडा," फेरडे म्हणाला.

पाणी उतरत गेलं. बोट हळूहळू खाली बसली आणि फेरडे विटांपासून सुटला. पाठीवर सरकत बाहेर आला, तेव्हा त्याच्या सदऱ्यावर कमानीच्या विटांची नक्षी उठली होती. तो उभा राहिला आणि त्याने घराकडे पाहिलं. दारातून एक पिंप डुलत बाहेर येत होतं, पाठोपाठ दुसरं, शिस्तीत, वजनांसारखं एकेक. हॉजकिस पुढे झाला आणि त्याने पहिलं पिंप काठावर ओढलं. "हे तरी वाचलं, मालक," तो म्हणाला. फेरडेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्याने बिअरचे पैसे न मागता कुणाच्या खांद्यावर ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

ते पाणी परत गेलं नाही. ओढ्याला बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. गुत्ता खिडक्यांपर्यंत बुडाला, पुढे जमीन आणखी बसली तेव्हा छपरापर्यंत. आता खाणी बंद झाल्या, बोटी कोळसा नेत नाहीत, आणि त्या जागी मोठं तळं आहे. रविवारी शहरातली माणसं मोटारीने येतात, बदकांना पाव टाकतात आणि म्हणतात, किती निसर्गरम्य. लव्हाळ्यांत जे धुराडं दिसतं त्यावर बगळा बसतो. ते कुणाचं, हे कुणी विचारलं तर मी सांगते. कुणी विचारत नाही.

तर या सगळ्याची कोणी काय किंमत भरली, ते असं. कंपनीला पूल पाडावा लागला, तो खर्च तिचा. पण भरपाई मागायला गेलेल्या फेरडेला तिने सांगितलं की पाणी तुमच्याच तोंडच्या शब्दावर सोडलं, चार सुरांत साक्षीदार आहेत. खाणीला कोळसा मिळाला, तिने कागद दाखवला. तो कोळसा बर्मिंगहॅममधल्या शेगड्यांत एका हिवाळ्यात जळून गेला. केझायाचा त्या दिवशीचा नंबर गेला, पण त्यानंतर एकही नाही. पूल गेल्यावर नवा झाला तो मैलभर अंतरावर, त्यामुळे पलीकडच्या काठावरची निम्मी गिऱ्हाइकं मला सोडून गेली. चार शिंतोडे उडाले होते, ते मी व्याजासह धुऊन दिले. वजनं त्यानंतर आपापल्या पैशांनी प्यायला लागली, आणि हॉजकिस बारीक झाला. फेरडे गावात दुसऱ्याच्या पबमध्ये ग्लास भरत राहिला, मालक म्हणवून न घेता. त्याने किंमत म्हणून बापाचं घर भरलं, आणि त्याबद्दल तो एका अक्षराने कुरकुरला नाही.

पण सगळ्यांत जास्त भरलं ड्रुसिलाने. ती त्याच्यानंतर बारा-तेरा वर्षं जगली. एकदा मी तिला विचारलं, "अगं, मी हे आधीच सांगितलं होतं, असं तू त्याला कधीच का नाही म्हणालीस?"

ती म्हणाली, "रोज सकाळी तोंडाशी यायचं. रोज गिळायचे."